ओल कुठे दिसते, त्यापेक्षा कधी दिसते

ठाण्यातल्या आमच्या घरी, मागच्या झोपायच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, छतापासून साधारण दीड फूट खाली तळहाताएवढा एक पिवळसर डाग चार वर्षांपूर्वीच्या जुलैत पहिल्यांदा दिसला. आमची इमारत १९९४ सालची, चार मजल्यांची, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ज्या कोपऱ्यात डाग होता तिथे दोन भिंती एकत्र येतात, एक बाहेरची आणि दुसरी बाथरूमची. आमच्या बाथरूमच्या बरोबर वर चौथ्या मजल्याचे बाथरूम आहे, त्यामुळे डाग पाहायला आलेल्या प्रत्येकाने, म्हणजे गवंड्याने, रंगाऱ्याने आणि सोसायटीच्या सचिवांनी, वर बोट दाखवून एकच निदान केले आणि मीही ते मान्य केले.

ही चूक माझ्या हातून कशी झाली हे मला सविस्तर सांगायचे आहे, कारण ती फार सार्वत्रिक आहे. वरच्या मजल्यावर एक वयस्कर काकू एकट्या राहतात. मी त्यांना डाग दाखवला, त्यांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही, आणि पुढच्या मे महिन्यात स्वतःच्या खर्चाने बाथरूमच्या सगळ्या फरशा उखडून जलरोधक थर नव्याने घालून घेतला. त्या वयात तीन आठवडे त्या आंघोळीसाठी शेजारच्या घरी जात होत्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा डाग परत आला, आणि आता तो तळहाताएवढा न राहता ताटाएवढा झाला होता. काकूंच्या बाथरूममधून एक थेंबही कधी खाली आलेला नव्हता. त्यांनी मला शब्दानेही दुखावले नाही, पण त्यांचा झालेला खर्च आणि त्रास माझ्या निदानामुळे झाला होता, आणि तेव्हापासून मी हा विषय मनापासून शिकायला लागले.

मला पहिल्यांदा समजलेली गोष्ट अशी की, पाणी जिथे भिंतीत शिरते तिथेच ते क्वचित बाहेर दिसते. ते तुळईच्या वरच्या अंगाने आडवे सरकते, विजेच्या तारांसाठी भिंतीत घातलेल्या नळीतून वाहत जाते, गिलावा आणि वीट यांच्यामधल्या पोकळीत उतरते, आणि जिथे गिलावा सर्वांत कमकुवत असेल तिथे डाग पडतो. म्हणून डागाच्या जागेवरून कारण ठरवणे धोक्याचे असते. त्याच्या वेळेवरून मात्र बरेच काही ठरवता येते. पावसाचे पाणी पावसाबरोबर येते आणि जाते, पाणी येणाऱ्या नळाची गळती बाराही महिने चालू राहते, सांडपाण्याच्या नळीची गळती ती नळी वापरली की वाढते, जमिनीतून वर चढणारी ओल पावसाळ्यानंतरही महिनोन् महिने हटत नाही, आणि हवेतल्या बाष्पाची ओल हवेच्या आर्द्रतेप्रमाणे व थंडाव्याप्रमाणे बदलते. हे एवढे लक्षात आल्यावर मी एक साधी पेन्सिल घेतली आणि डागाची कड भिंतीवर आखून बाजूला तारीख लिहिली.

ही पेन्सिलीची रेघ हा मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय आहे. दर दोन दिवसांनी, दिवसाच्या ठरावीक वेळी, मी डागाची कड पाहत असे, आणि ती पुढे सरकली असेल तर नवी रेघ आणि नवी तारीख घालत असे. शेजारी एका वहीत त्या दिवशीचा पाऊस, वाऱ्याची दिशा, आणि आमच्या व वरच्या बाथरूमचा वापर लिहून ठेवत असे. वाऱ्याची दिशा लिहिण्याचे सुचले नसते तर सगळी मेहनत वाया गेली असती. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की तो मुसळधार धरला जातो. तसा पाऊस पडलेल्या काही दिवशी डाग अजिबात हलला नाही, आणि जेमतेम त्याच्या निम्मा पाऊस पडलेल्या, पण पश्चिमेकडून जोराचा वारा असलेल्या दिवशी मात्र दुसऱ्या सकाळी डाग चार बोटे पुढे गेलेला असे. पाऊस सरळ पडला तर तो गच्चीवर आणि जमिनीवर पडतो, वाऱ्याने तिरपा झाला तर तो भिंतीवर आपटतो. काकू चार दिवस मुलीकडे गेल्या होत्या, त्यांचे बाथरूम पूर्ण कोरडे होते, आणि त्याच चार दिवसांत डाग सर्वांत जास्त वाढला. वहीतले ते पान मी त्या परत आल्यावर त्यांना नेऊन दाखवले.

कोकण किनारपट्टीवर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंती सर्वाधिक भिजतात, त्यामुळे पावसाळ्यात उमटणाऱ्या डागाच्या बाबतीत ती भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे आधी पाहावे. पण भिंत नुसती भिजल्याने पाणी आत येत नाही, त्याला वाट लागते. आमच्या भिंतीची वाट खिडकीच्या वरच्या पातळीला, सिमेंट काँक्रीटची तुळई आणि तिच्या खालचे विटांचे बांधकाम जिथे भेटतात तिथे होती. काँक्रीट आणि वीट उन्हाने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्या सांध्यावर गिलावा करताना बारीक तारेची जाळी बसवतात. ती बसवली नसेल, किंवा गंजून गेली असेल, तर काही वर्षांत तिथे एक सरळ आडवी चीर पडते. आमची चीर पावसाच्या पाण्याच्या उभ्या पाईपमागे असल्याने खालून दिसतच नव्हती. त्या पाईपच्या खांद्याशी उगवलेले पिंपळाचे दोन वितींचे रोप मात्र मी कित्येक वर्षे पाहत होते, आणि मुळांना तिथे सतत ओलावा मिळतो आहे याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

खात्री करण्यासाठी आम्ही ऑक्टोबरमध्ये, भिंत वाळल्यावर, सोसायटीची परवानगी घेऊन बाहेरून पाण्याची चाचणी केली. या चाचणीत क्रम महत्त्वाचा असतो. नळीने पाणी मारायला नेहमी खालच्या पातळीपासून सुरुवात करायची, प्रत्येक पातळीवर अर्धा तास तरी पाणी सोडायचे, आत एक माणूस डागावर लक्ष ठेवून बसवायचा, आणि आत काही दिसले नाही तरच एक पायरी वर जायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या भिंतीवरून ओघळते आणि कोणत्या चिरेतून ते आत आले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. खिडकीच्या खाली काही झाले नाही, खिडकीच्या कडांना काही झाले नाही, आणि तुळईच्या सांध्यावर पाणी सोडल्यावर विसाव्या मिनिटाला आतली पेन्सिलीची रेघ ओली झाली.

चीर खोदून, सांधा भरून, जाळी बसवून बाहेरून नवा गिलावा केला आणि मी निश्चिंत झाले. इथे हा प्रसंग संपला असता तर तो फार सोपा ठरला असता. डिसेंबरच्या अखेरीस, पावसाचा मागमूस नसताना, त्याच कोपऱ्यात पण जमिनीपासून तीन फुटांवर, बाथरूमच्या भिंतीच्या अंगाला दुसरा डाग उमटला. आधीच्या दोन्ही हिवाळ्यांत तो तिथे असणार, पण वरच्या मोठ्या डागाचाच तो खाली आलेला भाग असे मी गृहीत धरले होते. एका भिंतीला एकच कारण असते ही समजूत किती खोलवर बसलेली असते याचे मला आजही आश्चर्य वाटते. प्रत्यक्षात जुन्या इमारतीत दोन कारणे एकमेकांवर चढलेली असणे हे अपवादात्मक नाही, आणि एक दुरुस्त केल्यावर डाग पूर्ण गेला नाही म्हणून केलेली दुरुस्ती चुकीची होती असेही म्हणता येत नाही.

हा दुसरा डाग फक्त थंडीत येतो हेच त्याचे उत्तर होते. मार्चनंतर आम्ही गीझरकडे पाणी नेणारा कॉक बंद करतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी उघडतो. म्हणजे गीझरपासून शॉवरपर्यंत भिंतीतून गेलेल्या गरम पाण्याच्या पाईपमध्ये फक्त तेवढेच महिने पाण्याचा दाब असतो. प्लंबरने त्या पाईपची दोन्ही टोके बंद करून हातपंपाने दाब दिला, आणि दाबमापकाचा काटा दहा मिनिटांत खाली आला. भिंत फोडल्यावर जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाईपच्या वळणावरचा आटे असलेला सांधा गंजून चाळणी झालेला आढळला. सेकंदाला एकच थेंब गळत असला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात, आणि ते सगळे भिंतीच्या पोटात जातात. ज्यांच्या घराला पाण्याचे स्वतंत्र मीटर आहे त्यांना हातपंपाशिवायही अंदाज घेता येतो. सगळे नळ घट्ट बंद करायचे, फ्लश वापरायचा नाही, मीटरचा आकडा टिपायचा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा पाहायचा. आकडा सरकला असेल तर पाणी कुठेतरी चालले आहे.

सांडपाण्याच्या नळीला आणि बाथरूमच्या जमिनीला मात्र या दोन्ही चाचण्या लागू पडत नाहीत, कारण तिथे पाण्याला दाब नसतो. जमीन तपासण्यासाठी तिच्यावरील जाळीचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी भरायचे, कडेला खूण करायची आणि २४ तास ठेवायचे. पाण्यात खाण्याचा लाल रंग घातला तर खाली उतरणारे पाणी ओळखता येते. काकूंच्या बाथरूममध्ये फरशा फोडण्याआधी मी ही चाचणी सुचवली असती तर एका दिवसात आणि काहीही खर्च न होता खरे काय ते कळले असते. एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. त्या भरावात साठलेले पाणी वरचा वापर थांबवल्यावरही काही आठवडे झिरपत राहते, म्हणून दोन दिवस बाथरूम बंद ठेवून खाली फरक पडला नाही एवढ्यावरून त्या बाथरूमला निर्दोष ठरवू नये.

हवेतल्या बाष्पामुळे येणारी ओल आपल्याकडे थंड देशांइतकी सर्रास आढळत नाही, पण वातानुकूलन यंत्रे वाढल्यापासून ती किनारपट्टीवरच्या घरांत दिसू लागली आहे. हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, साधारण २६ अंशांवर असतो. शेजारच्या खोलीत यंत्र रात्रभर २० अंशांवर चालू असेल आणि मधली भिंत चार इंची असेल, तर दमट खोलीकडचा तिचा पृष्ठभाग दवबिंदूच्या आसपास येतो आणि विशेषतः कपाटामागे, जिथे हवा खेळत नाही, तिथे भिंतीला घाम येतो. अशा ओलीत पोपडे फारसे सुटत नाहीत. काळ्या बुरशीचे बारीक ठिपके दिसतात. शंका असेल तर दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. प्लॅस्टिकच्या वरच्या, खोलीकडच्या अंगाला पाणी जमले असेल तर ते हवेतले, आणि मागच्या, भिंतीकडच्या अंगाला जमले असेल तर ते भिंतीतले. माझ्या बहिणीच्या घरी एप्रिल-मेमध्ये वाढणारा आणि पावसाळ्यात कमी होणारा डाग होता, आणि तो बाष्पाचा असेल असे आम्हाला वाटले होते. प्लॅस्टिकच्या मागच्या बाजूला पाणी जमले तेव्हा खरे कारण सापडले. यंत्रातले पाणी बाहेर नेणारी, भिंतीत दडवलेली नळी मध्येच तुंबली होती, आणि उन्हाळ्यात यंत्र जास्त चालत असल्याने डाग तेव्हाच वाढत होता.

जमिनीतून चढणारी ओल मी गुहागरजवळच्या आमच्या आजोळच्या घरी पाहिली. ते घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असतो, आणि केशाकर्षणाने जमिनीतले पाणी त्यातून वर ओढले जाते. ही ओल बहुधा तीन फुटांच्या वर जात नाही, भिंतीच्या पूर्ण लांबीभर जवळपास एकाच उंचीवर तिची कड दिसते, आणि त्या कडेला पांढरा लोणा फुलतो. पाणी हवेत उडून जाते आणि त्याने जमिनीतून आणलेले क्षार मागे राहतात. हे क्षार हवेतला ओलावा स्वतःच शोषून घेतात, त्यामुळे जमिनीतले पाणी थांबवल्यानंतरही दमट दिवशी ती भिंत ओली भासते आणि दुरुस्ती फसली असे वाटते. नव्या बांधकामात जोत्याच्या पातळीला ओलरोधक थर घालतात, जुन्या चिऱ्याच्या घरांत तो नसतो. पण आजोळची भिंत सत्तर वर्षे ठीक होती आणि मामांनी अंगणात काँक्रीट केल्यानंतर दुसऱ्याच पावसात बिघडली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. काँक्रीटमुळे अंगणाची पातळी जोत्याच्या कडेपर्यंत वर आली, पागोळ्यांचे पाणी जमिनीत जिरायचे ते भिंतीवर उडू लागले, आणि ओल लपवण्यासाठी आतून केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे भिंतीला वाळायला जागा उरली नाही, म्हणून ओल आणखी वर चढली. मामांनी भिंतीलगतचा तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा काढला, पन्हळी बसवल्या, सिमेंट खरवडून तिथे चुन्याचा गिलावा केला. दोन वर्षांत कड दीड फुटाने खाली आली.

बाजारात मिळणाऱ्या ओलावामापकाबद्दल एवढेच सांगते की दोन टोचण्या असलेले उपकरण विद्युतरोध मोजते, आणि लोणा असलेल्या भिंतीवर क्षारांमुळे ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. उष्णता टिपणारा कॅमेराही पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. एकाच भिंतीवर जागोजागी तुलना करून कुठे जास्त ओल आहे हे शोधायला ही दोन्ही साधने चांगली आहेत, पण कारण त्यांच्या पडद्यावर उमटत नाही. जलरोधक रंगाबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. पाणी आत येण्याची वाट बंद न करता आतून असा रंग लावला तर तो काही महिन्यांत फुगतो किंवा ओल दोन फूट बाजूला सरकते. त्याहून वाईट म्हणजे आपण डाग पुसून एकमेव पुरावा नाहीसा केलेला असतो. डागाजवळ तांबूस रेषा दिसत असतील, किंवा छताच्या गिलाव्यावर टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर मात्र निरीक्षणात वेळ घालवू नये. तिथे आतली सळई गंजू लागलेली असते, गंजाने तिचे आकारमान कित्येक पटींनी वाढते आणि काँक्रीट फुटते; त्यासाठी संरचना अभियंत्यालाच बोलवावे.

कारण ठरल्याशिवाय खर्च कोणाचा हेही ठरत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेची असते, आणि घरातल्या शौचालय, मोरी इत्यादींमुळे होणारी अंतर्गत गळती संबंधित सदस्याने दुरुस्त करायची असते. आमच्या तुळईचा सांधा म्हणूनच सोसायटीने भरून दिला, आणि गीझरच्या पाईपचा खर्च आम्ही केला. काकूंच्या बाथरूमच्या खर्चातला निम्मा वाटा देण्याची मी तयारी दाखवली. त्यांनी तो घेतला नाही.

आमची भिंत आता दोन पावसाळे कोरडी आहे. नऊ इंची विटांची भिंत आतून वाळायला कित्येक महिने लागतात, म्हणून तिला मी अजून रंग दिलेला नाही आणि तारखांच्या रेघा तशाच आहेत. गेल्या जुलैत काकूंनी मला वर बोलावून स्वयंपाकघराच्या खिडकीखालची ओली पट्टी दाखवली. वही, पेन्सिल आणि बॅटरी घेऊन मी वर गेले, तोवर त्यांनी स्वतःच भिंतीवर पहिली रेघ आखून तारीख घातलेली होती. तीन आठवड्यांनी आम्ही दोघींनी मिळून त्या सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत साचलेली माती काढली. पाणी बाहेर जाण्यासाठी तिथे ठेवलेली दोन्ही छिद्रे पूर्ण बुजली होती, आणि त्यामुळे पावसाचे पाणी खाचेत भरून आत सांडत होते. केसातल्या पिनेने ती छिद्रे मोकळी झाली, आणि त्यानंतर काकूंच्या भिंतीवर दुसरी रेघ आखावी लागलेली नाही.